आठवड्यातून किती वेळा

पोट्टी आली टॅब घेऊन, स्कार्फ सोडत सोडत.
दादा, म्हने, दोनच मिनिटं,
आठवड्यातून किती वेळा खातात लोक इथं?
कधीच नाही, एकदा, दोन ते तीन, रोज.
बोट लावायचं फक्त.

मी तेल तापवून रायलो होतो.
म्हनलं, बाई, लोक का कापूस हायेत
काट्यावर टाकून सांगाले?
मंग मले वही आठवली.

गल्ल्याखाली असते, कोबीच्या पोत्याले टेकून,
सॉसचे डाग पडलेली.
तिच्याआधीच्या दोन घरी, लोखंडी पेटीत.
जाम चौरस्त्यावर गाडा लावला तेव्हा
चायनीज म्हंजे मी एकटा,
बाकी सारे आलुबोंडेवाले.
लोक यायचे यात्रेले आल्यासारखे,
वर्षातून एकदा, आंघोळ करून.
एक म्हातारा तं चपला काढून बसला बाकावर.

पहिल्या वहीत लिहिलं हाय,
प्रल्हाद बोबडे, लाइनमन, मंच्युरियन एक, चमचे चार.
पोरगी दहावी पास झाली होती.
बायको म्हने, अहो, हे तं आपल्या कोबीचेच भजे,
रश्शात पडले.
चमच्याचे पैसे नव्हते घेत मी.
काहून लिहिले, ठाऊक नाई.

दुसऱ्या वहीत बोबडे महिन्याले,
पगाराच्या सांजेले, प्लेटा दोन.
पोरगा सॉसची बाटली सोडत नाई.
मंग आठवड्याले, शुक्रवारचा बाजार उरकून,
पिशवीतून सांभार डोकावते,
खाली वांगे. वांगे उद्या.
पास झाली, पगार झाला, असं काई लिहिलेलं नाई आता,
नुसती तारीख.
कारण कुठल्या पानावर गळून पडलं
ते मले अजून सापडत नाई.

मंग चौरस्त्यावर काचेचं दुकान आलं,
आतून थंडगार, बाहेर लाल अक्षरं.
तिथं बर्गर दोन्ही हातानं धरतात,
नवं लेकरू धरावं तसा.
पोट्टे तिकडे गेले.
माझ्याकडे उरले ट्रॅक्टरवाले, एक कंपाउंडर,
रात्रीच्या गाडीचे कंडक्टर,
अन् बोबडे.

तिसरी वही. पोरगी पुन्याले, पोरगा सुरतेले.
घरातले मानसं कमी झाले तसे बोबडे जास्त वेळा.
पार्सल दोन.
पार्सल दोन.
पार्सल एक, बिनतिखट, सेवाग्रामले दवाखान्यात न्यायचं हाय.
मंग अकरा पानं बोबडे नाई.
बाराव्या पानापासून रोज. हाफ.

लोक म्हनतात, म्हाताऱ्याले चटक लागली.
पोट्टीनं ‘रोज’वर बोट लावलं तं टॅब लाल झाला.
धोका आहे, म्हने. मैदा, मीठ, तेल.
हाव, म्हनलं, खरं हाय.
तेल किती वेळा तापते, ते माझ्याशिवाय कोनाले माहीत?

आणि तुम्ही स्वतः?
मी जातो घरी बारा वाजता.
झाकून ठेवलेली भाकर, अंबाडीची भाजी,
बायको झोपेतच म्हनते, ठेचा वर हाय.
‘कधीच नाही’ लिही.

एवढ्यात बोबडे आलेच, सायकल टेकवत.
मी सवयीनं प्लेटीत दोन चमचे ठेवले.
त्यायनं एक उचलला, रुमालानं पुसला,
परत डब्यात टाकला.
रोज टाकतात.

पोट्टी उठाले लागली अन् बसली.
तेवीस दुकानं झाले म्हने सकाळपासून,
डबा रूमवरच रायला.
हाफ नूडल्स द्या.
बोबड्यायनं सॉसची बाटली तिच्याकडे सरकवली.
जास्त नको घेऊ, छातीत जळते.

पैसे देतेवेळी फोनले रेंज नाई,
पर्समध्ये पाचशेची एकच नोट.
मी वही उघडली. नाव?
प्रणोती खोब्रागडे. उद्या नक्की देते दादा.

म्हंजे उद्याही येशीन,
बोबडे म्हनले, प्लेटीतून मान वर न करता.